पिठावरची पावलं

…तर भिवराबाईच्या पिठावर पाऊल उमटलंच नाही, इथपर्यंत आपण काल आलो होतो. मग चहा आला आणि गोष्ट तशीच राहिली. काल जे नव्हते त्यांच्यासाठी दोन शब्द मागचे सांगतो, नाहीतर मध्येच कोणी विचारेल, कोण भिवराबाई आणि कसलं पीठ.

आमच्याकडं माणूस गेलं की त्याला जिथं शेवटचं निजवलं, त्या जागी रात्री तांदळाचं पीठ पसरतात. बाजूला दिवा ठेवतात, दार ओढून घेतात आणि सकाळी पाहतात. पाखराचा पाय दिसला तर माणूस पाखराच्या जन्माला गेलं. खूर दिसला तर गाई-वासराच्या. माझ्या आजीच्या पिठावर मांजराची पावलं होती. तेव्हापासून माझा बाप आमच्या बोक्याला ‘माय’ म्हणायचा आणि दुधाची पहिली धार त्याच्या वाडग्यात पडायची. बोका इतका माजला की शेजाऱ्यांच्या शिंक्यावरची मासळी खाऊन यायचा, पण आमच्या बापाच्या मायला काठी कोण लावणार?

असं कशाचं तरी पाऊल दिसावं लागतं. भिवराबाईच्या पिठावर दिसला नुसता एक ओरखडा. ओलं पोतं कोणी ओढत न्यावं तसा रुंद, मागच्या खोलीतल्या तिच्या जागेपासून मागल्या दारापर्यंत आणि दाराशी येऊन संपलेला. उंबरठ्याच्या अलीकडंच. जमलेल्या बायांनी तोंडाला पदर लावला. अर्थ कोणी कोणाला विचारला नाही. म्हातारीचा उजवा पाय हत्तीपायाचा होता. जिवंतपणी ती तो ओढत चालायची, आणि मेल्यावरही तो तिला उंबरठ्यावरून उचलता आला नाही. म्हातारी घरातच राहिली.

ही मनकर्णाची सासू. आणि गोष्ट आहे मनकर्णाची.

मनकर्णा माझी शेजारीण. तिच्या आणि माझ्या परसातल्या सांदवाडीत बांबूचं एक कुंपण, त्यातून भाजीची वाटी इकडं येते आणि माझ्या गोष्टी तिकडं जातात. ती आली तेव्हा अंगानं काडी होती, पण धानाच्या रोवण्याच्या दिवसांत बांधीत उतरली की तिच्या हाताच्या चालीवर सगळ्या बायांची रांग चालायची. मी शेताच्या धुऱ्यावर बसून काही सांगायला लागलो की खाली मान घालूनच म्हणायची, “भाऊ, तुमची गोष्ट सरेपर्यंत हे पऱ्हे पिकून जातीन.” नवरा पत्रू तेंदूपत्त्याच्या हंगामात अस्वलाच्या तावडीत सापडला. त्यानंतर सासू, मुलगा आणि दोन बांध्या, एवढं तिनं एकटीनं धरून ठेवलं. मुलगा प्रफुल्ल आता बायकोसह कोरपन्याकडं सिमेंटच्या कारखान्यावर मजुरीला असतो. त्याची पोर करिष्मा आजीजवळ.

करिष्मा जन्मली त्याच साली भिवराबाई गेली. आणि त्याच पावसाळ्यात मनकर्णाला हुडहुडी भरून ताप आला. जांघेत गाठ आली, उजवा पाय लाल झाला. ताप उतरला, पण पाय उतरला नाही. मग दर अवसेला तेच. थंडी, ताप, पाय तापलेल्या तव्यासारखा. प्रत्येक अवस पायावर थोडी सूज ठेवून जायची.

गावानं लगेच जोडणी केली. बुढीनं आपला पाय सुनेला दिला. मनकर्णानंही ते मान्य केलं. सासूचे पितळी गंज तिच्याकडं आले, जातं आलं, तसा हा पायही आला. त्याबद्दल कुरकुर नव्हती. भीती दुसरीच होती. अवसेच्या आदल्या दिवसापासून मागच्या खोलीत आवाज येतो, असं ती सांगायची. काहीतरी ओढल्याचा. थांबायचा, परत यायचा.

मीही तो ऐकला आहे, कुंपणाच्या या बाजूनं. उंदीर असतील. पण उंदीर असे दम खात खात चालत नाहीत.

या भिवराबाईच्या पायाचं आणखी एक सांगायचं राहिलं. आमच्याकडं बाहेरून आलेला माणूस पाय धुतल्याशिवाय घरात येत नाही. मसणातून आलेला तर नाहीच. प्रत्येक दाराशी भरलेली बादली असते. भिवराबाईनं मात्र शेवटची कित्येक वर्षं त्या बादलीला पाय लावला नाही. अहेरीकडचा एक वैदू बाजारात भेटला होता, त्यानं सांगितलं, या पायाला पाणी लागू देऊ नका, पाणी पिऊन पाय फुगतो. झालं. त्या दिवसापासून पाय चिंध्यांत गुंडाळलेला, वर हळदीचा लेप, त्यावर परत चिंध्या. वास यायचा. बाया तिला पाण्याच्या नळाशी उभी राहू देत नव्हत्या. मनकर्णाच चिंध्या बदलायची, आणि पायाला थेंब लागणार नाही याची काळजी घ्यायची. सासूची सेवा म्हणून.

आता रंजीताबाई येतात. चंद्रपूरहून येणारी बस आमच्या टोलीवर, या वस्तीवर, वळसा घालून परत जाते, त्या बसनं त्या यायच्या. हत्तीरोगावर संशोधन चालू होतं, त्या कामावर होत्या. त्यांना दोन गोष्टी पाहायच्या होत्या. गावातल्या सगळ्यांनी वर्षाला एकदा गोळ्या खाल्ल्या तर गावाच्या रक्तातला जंतू किती कमी होतो. आणि ज्यांचा पाय आधीच सुजला आहे, त्यांनी तो रोज साबणानं धुतला तर हा तापाचा फेरा थांबतो का.

गोळ्यांची सभा समाजमंदिरात झाली. रंजीताबाईंनी सांगितलं, दोऱ्यासारखा बारीक जंत असतो. तो माणसाच्या अंगात वर्षानुवर्षं राहतो, त्याची पिल्लं रक्तात फिरतात, आणि डास ती एकाकडून उचलून दुसऱ्याकडं नेतो. पाय सुजायला पुढं कित्येक वर्षं लागतात. आमच्या गावचा पोचू उठला. तो कुठंही उठतो. म्हणाला, “माहा पाय तं बगळ्यावाणी आहे, मले काऊन गोळी?” रंजीताबाई म्हणाल्या, बगळ्यालाही डास चावतो. सभा हसली आणि पोचूला गोळ्या घ्याव्या लागल्या. त्यानं त्या गालात दाबल्या आणि समाजमंदिरामागं जाऊन थुंकल्या. त्यातली एक त्याच्याच कोंबडीनं टिपली. मग त्या कोंबडीची अंडी कोणी विकत घेईना, आणि पोचूची बायको सगळ्यांना सांगत फिरली की आमच्या घरात निदान कोंबडी तरी शहाणी निघाली. दुसऱ्या दिवशी रंजीताबाईंनी पोचूला समोर बसवून, पाण्याचा गडू हातात देऊन, तोंड उघडायला लावून गोळ्या खाऊ घातल्या.

त्या गोळ्यांत एक नवी होती. तिची कहाणी रंजीताबाईंनी सांगितली आणि मी ती तेव्हापासून पुढच्या दहा जणांना सांगितली असेल. आफ्रिकेत म्हणे वाहत्या नद्यांवर एक काळी माशी असते. तिच्या चाव्यातून जंत अंगात जातो, आपल्या जंताचाच भाऊबंद. त्याची पिल्लं कातडीत फिरतात, डोळ्यांत उतरतात आणि माणूस आंधळा होतो. एक-दोन नाही, नदीकाठची गावंच्या गावं. म्हातारे पुढं, हातात काठी, आणि काठीचं दुसरं टोक धरून एखादं लेकरू. शेवटी लोकांनी नदीकाठची काळी कसदार जमीन टाकून दिली आणि वर खडकाळीत जाऊन राहिले. ही गोळी त्या रोगावर चालली. आता आपल्याकडं पायाच्या रोगासाठी देतात.

मी मनकर्णाकडं पाहिलं. करिष्मा तिच्या मांडीवर बसून तिच्या पदराचं टोक धरून होती, आणि मनकर्णा त्या टोकाकडं बघत होती.

पाय धुवायला मात्र ती सहजी तयार झाली नाही. सासूच्या पायाला जे लागू दिलं नाही, ते आपल्या पायावर कसं ओतायचं? रंजीताबाईंनी वाद घातला नाही. कोमट पाणी मागितलं, पदर खोचला आणि ओसरीवर बसून तिचा पाय आपल्या हातांनी धुतला. बोटांच्या बेचक्यांतून, कातडीच्या प्रत्येक घडीतून. मग मऊ फडक्यानं कोरडा केला, मलम लावलं, निजताना पायाखाली उशी घ्यायला सांगितलं. तेवढा वेळ मनकर्णाचं तोंड मागच्या खोलीकडं होतं. जणू तिथून कोणी बघत असावं.

पण एकदा हात लागल्यावर तिनं ते काम रोवण्यासारखंच धरलं, एक दिवस चुकवला नाही. हळूहळू घड्या उकलल्या, वास गेला. पाय घोट्याशी वळायला लागला. मग एक अवस आली आणि ताप आला नाही. पुढचीही तशीच गेली. तिनं मला कुंपणाशी बोलावलं आणि आवाज बारीक करून सांगितलं, “भाऊ, ह्याबी अवसेले बुढी नाई आली.”

मला आनंद झाला. म्हटलं, बरं झालं, सुटलीस.

“बरं काय झालं?” ती म्हणाली. “इथी नाई आली, तं कुठी गेली?”

दिवसाढवळ्या, कुंपणावर दोडक्याचा वेल, समोर कोंबड्या, आणि तरी माझ्या पाठीवरून काहीतरी सरकत गेलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत शाळेत पोरांची तपासणी झाली. बोटाच्या टोकातून रक्ताचा थेंब घेतात आणि पट्टीवर टाकतात. एक रेघ उमटली तर ठीक, दोन उमटल्या तर अंगात जंत आहे. बाकीच्या पोरांना एक-एक रेघ आली. करिष्माला दोन आल्या.

रंजीताबाई धावतच घरी आल्या. त्यांच्या दृष्टीनं ती चांगली बातमी होती. कधीतरी डास चावला असेल, पण सुजेच्या आधी सापडलं. आता गोळ्या दिल्या, पुढंही वेळच्या वेळी दिल्या, तर या पोरीचा पाय आजीसारखा होणार नाही. त्यांनी हे तीन तऱ्हेनं समजावलं. मनकर्णानं त्यातलं काही ऐकलं नाही. तिच्या डोक्यात हिशेब केव्हाच लागला होता. आपण पाय धुतला. बुढीला तिथं जागा उरली नाही. बुढी लेकरात गेली.

रंजीताबाईंनी पोरीला समोर बसवून गोळ्या खाऊ घातल्या, आणि त्याच संध्याकाळी तिला ताप भरला. हे होतं, असं रंजीताबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. रक्तातले जंत मरतात तेव्हा एखाद-दोन दिवस अंग तापतं. ताप उतरण्याचं औषधही ठेवून गेल्या होत्या. पण मनकर्णाला तो ताप ओळखीचा होता. तिनं आपल्या पायाचं मलम पुसून टाकलं, साबण कुंपणावरून माझ्या बायकोला देऊन टाकला आणि चपलेशिवाय बांधीत जाऊन चिखलात उभी राहिली. बराच वेळ. कामाला नाही, नुसती उभी. मी धुऱ्यावरून हाक मारली तर माझ्याकडं न बघता पायाशी बोलत होती. “ये वं माय, इथी ये. लेकराले सोड. मी जागा ठेवली आहे तुह्यासाठी.”

मी तिला हाताला धरून घरी आणलं. रंजीताबाईही आल्या. मला वाटलं रागावतील. रागावल्या नाहीत, जवळ बसल्या. मनकर्णानं त्यांना सांगून टाकलं की आता मी पाय धुणार नाही आणि पोरीला पुढची गोळीही देणार नाही. रंजीताबाई म्हणाल्या, मग जंत पोरीच्या अंगात वाढेल. मनकर्णा म्हणाली, “त्या लोकाईनं नदी सोडली, बाई. मी घर कसं सोडू? घरातच हाय थे.”

दोघींचंही खरं होतं, असं मला तेव्हा वाटलं. घरात काहीतरी होतंच. एकीनं त्याला डास म्हटलं, दुसरीनं सासू.

मग अवस आली. त्या दिवशी मनकर्णानं तांदूळ दळले. मला जात्याचा आवाज आला तेव्हाच कळायला हवं होतं. सणवार नाही, पाहुणे नाहीत. भिवराबाई गेली त्या रात्री पसरलं होतं तसंच पीठ तिनं पुन्हा पसरलं. मागच्या खोलीपासून माजघरात ती आणि करिष्मा निजायच्या तिथपर्यंत, आणि मागल्या दाराच्या उंबरठ्यावर. मेलेल्या माणसासाठी सात वर्षांनी पीठ पसरलेलं मी तरी दुसरीकडं कुठं ऐकलं नाही. तिला एवढंच बघायचं होतं, बुढी कुठं जाते. ओरखडा आपल्या अंथरुणाकडं आला तर ठीक. करिष्माकडं गेला, तर पोरीला सकाळच्या बसनं कोरपन्याला पाठवून द्यायचं.

सकाळी कुंपणाशी ती उभी होती. ओरडली नाही, रडली नाही. ओठ पांढरे पडले होते. मला म्हणाली, “भाऊ, या अन् पाहा. बुढी नोहे थे. दुसरंच कोणी आलं.”

मी गेलो. ओसरीवरून आत पाय टाकायच्या आधी बादलीतलं पाणी पायांवर घेतलं, सवयीनं. माजघरात उजेड तिरपा पडला होता आणि पिठावर पावलं होती. ओरखडा नाही, पावलं. माणसाची, बाईच्या मापाची. टाच, तळव्याची कमान आणि पाच बोटं वेगवेगळी, जणू कोणी कोरून काढली असावीत. मनकर्णाच्या अंथरुणापासून करिष्माच्या अंथरुणापर्यंत गेलेली. तिथं थोडा वेळ उभी राहिलेली. तिथलं पीठ दाबलं गेलं होतं. आणि परत फिरलेली. निजलेल्या लेकराच्या उशाशी कोणी येऊन उभं राहावं आणि घरात कोणाला पत्ता नसावा.

मी हळूच म्हटलं, “तूच उठली असशील झोपेत.”

तिनं मान हलवली. तिच्याजवळ कारण होतं. “मी असती तं एक पाऊल पडलं असतं अन् एक डाग. माही चाल मले माहीत नाई काय? हे पाहा, दोनी सारखे हायेत. असे दोन सारखे पाय ह्या घरात कोनाचे हायेत?”

खरं होतं. त्या घरात तसे पाय फक्त करिष्माचे होते, आणि ही पावलं लेकराची नव्हती.

करिष्मा एव्हाना उठून बसली होती. अंगाला हात लावला, ताप नव्हता. तिला आमचं काही कळलं नव्हतं. डोळे चोळत म्हणाली, “आजी, पीठ काऊन सांडलं? रातीच तू पाणी घेऊन आली तवा बी तुह्या पायाले लागत होतं.”

“मी आली?”

“तूच तं पाजलं पाणी. मंग माह्या डोक्शावर हात ठेवून उभी राह्यली.”

मनकर्णानं पोरीकडं पाहिलं, मग पावलांकडं. तिचा पोरीवर विश्वास बसत नव्हता आणि पोरीनं खोटं बोलायला काही कारण नव्हतं. मी म्हटलं, बाई, एकच उपाय आहे, त्यावर पाय ठेवून बघ. ती दोन पावलं मागं सरली. आमच्याकडं मेलेल्याच्या पावलावर पाय ठेवत नाहीत. ठेवला तर त्याच्या वाटेनं जावं लागतं. तो विषय माझा नव्हता, वाट तिची होती. मी गप्प बसलो. माझ्यासारखा माणूस गप्प बसला म्हणजे किती वेळ गेला असेल ते तुम्हीच समजा.

शेवटी तिनं लुगडं घोट्यावर उचललं. डावा पाय आधी ठेवला, तो आपल्या घरात शिरल्यासारखा शिरला. उजवा मात्र तिनं अधांतरी धरला. भिंतीला हात टेकला आणि डोळे मिटून ठेवला.

बसला. टाचेला टाच, बोटाला बोट. थोडा रुंद, कडेला जरासा सांडणारा, पण बसला.

तिनं डोळे उघडले आणि आपल्या पायाकडं असं पाहिलं, जसं परगावाहून परतलेल्या माणसाकडं पाहतात, हा आपलाच का म्हणून. सात वर्षं त्या पायाला बोटं असूनही दिसली नव्हती. रोज धुतानाही तिनं तो नीट पाहिला नव्हता. तोंड मागच्या खोलीकडं असायचं. तिचा पाय तिच्याकडं परत आला होता आणि तिला तो भूत वाटला होता.

ती तशीच पिठावर बसली आणि रडली. पण पायासाठी रडली असं मला वाटत नाही. मध्येच म्हणाली की बुढीचा पाय मी कोरडा ठेवला, थेंब लागू दिला नाही. मी म्हटलं, तुला तसं सांगितलं होतं. ती म्हणाली, हो, सांगितलं होतं. आणि परत रडली.

मग उठली. कुंपणाशी येऊन माझ्या बायकोकडून साबण परत मागून नेला. चुलीवर पाणी ठेवलं. पीठ झाडलं नाही, तसंच राहू दिलं. मला वाटलं आता विचारायला हरकत नाही. पोरीला गोळी देणार का, हे मी विचारलं नाही. ते तिच्या चालण्यावरून दिसत होतं. माझ्या मनात वेगळंच होतं. पिठात ओरखडा नव्हता, पण मागच्या खोलीकडं पाहिलं की मला अजून तिथं कोणीतरी बसल्यासारखं वाटत होतं. म्हणून मी विचारलं, मग भिवराबाई गेली म्हणायची का घरातून?

मनकर्णानं एक बादली ओसरीवर ठेवली. दुसरी भरून मागल्या दाराशी नेऊन ठेवली, उंबरठ्याच्या आत, जिथं पूर्वी तो ओरखडा थांबला होता. वर साबणाची अर्धी वडी ठेवली. आणि माझ्याकडं वळून म्हणाली, “नाई गेली, भाऊ. कुठी जाईन थे, तिचंच घर हाय. राहू द्या. फक्त आजपासून सांगून ठेवलं तिले, का ह्या घरात राहाचं असन तं पाय धुवून राह्य, अन् लेकराच्या अंथरुणाकडं पाहू नको.”